वाराला एक

कन्नडमध्ये 'वार' म्हणजे आठवडा. मराठीत 'वार' म्हणजे सोमवार, मंगळवार असा एकेक दिवस. दोन्ही भाषा ज्यांच्या अंगणात नांदतात त्या आमच्या बेळगाव-निपाणी भागात हा फरक पोराटोरांनाही ठाऊक असतो, असं मी समजत होते. माझ्या आत्तीला तो ठाऊक नव्हता.

आत्ती निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. चाळीस वर्षं घरात बसून विड्या वळल्या. गुडघे आणि कंबर धरली म्हणून तिला एका दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी खूपच कमी निघालं, आणि पावडरीच्या आठ पुड्या लिहून मिळाल्या. पुड्या हातात देताना तिथल्या मुलानं सांगितलं, "वारक्क ओंद." आठवड्याला एक. त्यानं बरोबर सांगितलं होतं आणि आपुलकीनं सांगितलं होतं. आत्तीनं ऐकलं ते 'वाराला एक'. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "रोजचा वार निराळाच की गं. म्हणून रोज एक घेतली."

आठ आठवड्यांच्या पुड्या आठ दिवसांत संपल्या. अंग हलकं वाटतंय म्हणून तिनं रिकामं पाकीट देऊन नातवाला मेडिकलमध्ये पाठवलं. पुढचे जवळजवळ दोन महिने तो पाकीट घेऊन जात राहिला आणि पुड्या आणत राहिला. चिठ्ठी कुणी मागितली नाही, पुड्या कुणी मोजल्या नाहीत. एका पुडीत ६०,००० युनिट असतात. सांगितलेला कोर्स होता ४ लाख ८० हजारांचा, तिच्या पोटात गेले सुमारे ३६ लाख. त्याच काळात सीमेपलीकडच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची कॅप्सूलही चालू होती. त्या कॅप्सूलमध्येही डी होतं, वेगळ्या रूपातलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आधी जेवण तुटलं. मग बद्धकोष्ठ, ओकाऱ्या, सारखी तहान, रात्रीत पाच-सहा वेळा लघवीला उठणं. आम्हाला वाटलं शुगर झाली. शुगर तपासली, नीट निघाली. मग एक दिवस तिनं मला माझ्या गेलेल्या आईच्या नावानं हाक मारली आणि कितीतरी वेळ त्याच नावानं बोलत राहिली. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम तेराच्या पुढे गेलं होतं. निरोगी माणसात ते साधारण साडेदहाच्या आत असतं. मूत्रपिंडं सुस्तावली होती.

मी ३५ वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. 'ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुडदूस होतो' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची मोजदाद नाही. हेच जीवनसत्त्व अति झालं तर काय होतं, हे एकदाही लिहिलं नाही. ती चूक माझी आहे, आणि ती थोडी तरी भरून काढावी म्हणून हा लेख लिहिते आहे.

माझं म्हणणं असं. 'डी' या एका अक्षराखाली बाजारात किमान पाच निरनिराळे पदार्थ विकले जातात. त्यांचा विषारीपणा सारखा नाही, तो दिसायला लागायचा वेळ सारखा नाही आणि उतरायचा वेळ तर मुळीच सारखा नाही. तरी पाकिटावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीत आणि लोकांच्या तोंडी सगळ्यांना एकच नाव आहे. हा फरक रुग्णाला त्याच्या भाषेत कळणं हा त्याचा हक्क आहे, आणि आमच्या भागात ती भाषा एक नाही, दोन आहेत.

आधी हे पदार्थ समजून घेऊ. आपल्या भागातल्या माणसाला हिडकलचं धरण डोळ्यांसमोर आणलं की सगळं स्पष्ट होईल. पाणलोटात पाऊस पडतो, जमिनीत मुरतो, झिरपत जलाशयात येतो. जलाशयातून कालव्यात किती सोडायचं ते दरवाजे ठरवतात. आणि शेवटी पाणी उसाच्या सरीत पोचतं. डी-३, म्हणजे पुडीतलं कोलेकॅल्सिफेरॉल, हा पाणलोटातला पाऊस. ते शरीराच्या चरबीत मुरतं. यकृत त्याचं कॅल्सिफेडिऑल बनवतं, हा झाला जलाशय. रक्ततपासणीत मोजतात ती याच जलाशयाची पातळी. मूत्रपिंड म्हणजे दरवाजा. शरीराला कॅल्शियमची गरज असेल तेवढंच ते कॅल्सिट्रायॉलमध्ये बदलतं. कॅल्सिट्रायॉल हे सरीतलं पाणी, प्रत्यक्ष काम करणारं रूप.

यातली अडचण अशी की पाणलोट आणि जलाशय यांच्यामध्ये नाव घ्यावा असा दरवाजाच नाही. जेवढं डी-३ येईल त्यातलं बरंचसं यकृत बदलत राहतं. माफक डोस असेल तर पुढचा दरवाजा सगळं सांभाळून घेतो, म्हणून डी-३ हे एरवी बऱ्यापैकी निर्धोक औषध आहे. पण महिनोन्महिने पाऊस कोसळत राहिला तर धरण सांडव्यावरून वाहायला लागतं. रक्तातली पातळी मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली की जलाशयातलं पाणी स्वतःच सरीत घुसतं, दरवाजा बंद असला तरी. कॅल्शियम चढतं ते असं. आणि पाऊस थांबला तरी मुरलेलं पाणी झिरपत राहतं. चरबीतला साठा हळूहळू सुटतो, रक्तातलं कॅल्सिफेडिऑल निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे डी-३ची विषबाधा पुडी बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे, कधी महिने चालते. आत्तीच्या बाबतीत सलाइन, स्टिरॉइड, दूध-दही बंद, हे सगळं करूनही कॅल्शियम पुरतं ताळ्यावर यायला अडीच महिने लागले.

कॅल्सिट्रायॉलची गोष्ट उलटी आहे. ते धरण, दरवाजा सगळं ओलांडून थेट सरीत पंप लावण्यासारखं आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना त्याची खरी गरज असते, कारण त्यांचा दरवाजाच मोडलेला असतो. त्याचा डोस पाहा: पाव मायक्रोग्रॅम. पुडीतलं डी-३ असतं १,५०० मायक्रोग्रॅम. वजनाला वजन तोललं तर कॅल्सिट्रायॉल हजारो पटींनी जहाल आहे, कारण त्याला अडवणारं कुणी नाही. जास्त झालं तर दिवसांत कॅल्शियम चढतं. पण ते शरीरात काही तासच टिकतं, म्हणून बंद केलं की बाधा बहुतेक काही दिवसांत उतरते. अल्फाकॅल्सिडॉल हे त्याचं जवळचं भावंड. ते मूत्रपिंडाची पायरी टाळतं, यकृताची टाळत नाही. आणि कॅल्सिफेडिऑल गोळीच्या रूपात घेतलं तर ते डी-३च्या तीन ते पाच पट वेगानं जलाशय भरतं.

म्हणून 'कुठलं डी जास्त विषारी?' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. थोड्या मात्रेत आणि झटकन घात करणारं कॅल्सिट्रायॉल आहे. चुकून एकदा जास्त घेतलं गेलं तर डी-३ बहुधा माफ करतं, पण रोज घेत राहिलं तर त्याचा वेढा कितीतरी लांब पडतो. आत्तीनं दोन्ही एकदम घेतली होती: डोंगरावर पाऊस आणि सरीत पंप. कॅप्सूल बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडा उतार दिसला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला थांबवलं आणि खरा साठा अजून चरबीत आहे हे समजावलं. इतक्या शांतपणे, मराठीत, कागदावर चित्र काढून समजावलं, की ते धरणाचं चित्र मी त्यांच्याच कागदावरून उचललं आहे.

राहिलं डी-२, अर्गोकॅल्सिफेरॉल. त्याबद्दल आमच्या भागात विशेष बोलायला हवं. चिकोडी, अथणी, निपाणी, बेळगाव, सगळीकडे जैन समाज मोठा आहे. शाकाहार पाळणाऱ्या इतरांचीही संख्या मोठी आहे. पुडीतलं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीला चिकटलेल्या मेणचट चरबीपासून बनवतात. मेंढी मारावी लागत नाही, तरी ते अनेकांना चालत नाही, आणि त्यांच्या या भूमिकेचा मान ठेवलाच पाहिजे. डी-२ यीस्ट आणि अळंबीसारख्या बुरशीवर्गातल्या पदार्थावर अतिनील किरण सोडून बनवतात. आता दगडफुलासारख्या लायकेनपासून, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या जोडीपासून, बनवलेलं डी-३ही मिळतं. पण याला जोडून एक समज मी वारंवार ऐकते: 'डी-२ शाकाहारी आहे, त्यामुळे त्याचा अपाय नाही.'

यात थोडं तथ्य आहे आणि मोठा धोका आहे. माकडांवरच्या आणि घोड्यांवरच्या प्रयोगांत, समान मात्रेत, डी-३ हे डी-२पेक्षा अधिक विषारी ठरलं आहे. कारणही समजण्याजोगं आहे. रक्तात डी वाहून नेणारं जे प्रथिन असतं, त्याला डी-२ सैल चिकटतं, त्यामुळे ते लवकर बाहेर जातं. त्या डोंगराची जमीन पाणी कमी धरते, असं म्हणू. पण माणसांतल्या जुन्या विषबाधा पाहिल्या तर त्यांतल्या कितीतरी डी-२च्याच आहेत, कारण विसाव्या शतकात बराच काळ औषध म्हणून तेच मिळत होतं. संधिवातावर त्याचे अवाढव्य डोस दिले गेले आणि माणसांची मूत्रपिंडं गेली. कमी विषारी याचा अर्थ निर्विष होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाकिटावर लिहिलेलं 'युनिट' हे माप कशाचं आहे? ते ठरवलं गेलं उंदरांचा मुडदूस बरा करण्याच्या ताकदीवरून. त्या कसोटीला डी-२ आणि डी-३ सारखेच उतरले, म्हणून दोघांचंही एक युनिट म्हणजे ०.०२५ मायक्रोग्रॅम. कोंबडीच्या पिलांवर पाहिलं तेव्हा डी-२ अगदीच फिकं निघालं, आणि हे दोन पदार्थ वेगळे आहेत याचा सुगावा शास्त्रज्ञांना लागला त्यात या पिलांचा मोठा वाटा होता. म्हणजे युनिट हे गुणाचं माप आहे, अपायाचं नाही. दोन पाकिटांवर ६०,००० लिहिलेलं असलं तरी दोन्ही सारखीच निर्धोक आहेत असं ते माप सांगत नाही, आणि सांगायला बनवलेलंही नाही.

'नैसर्गिक' या शब्दानंही फसू नये. बागेत शोभेसाठी लावतात ते 'दिन का राजा' नावाचं झुडूप पाहा, रातराणीचं सख्खं भावंड. त्याच्या पानांत कॅल्सिट्रायॉल साखरेशी जोडलेल्या रूपात असतं. गुरं ती पानं खात राहिली तर त्यांच्या रक्तवाहिन्यांत आणि स्नायुबंधांत कॅल्शियम साचतं, जनावर खंगतं, लंगडतं. अर्जेंटिनात अशाच एका वनस्पतीनं गुरांचे कळप खंगलेले आहेत. काही देशांत उंदीर मारायच्या विषात डी-३च घालतात. ऊन मात्र खरोखर निर्धोक आहे, निदान या बाबतीत. कातडीत गरजेपेक्षा जास्त बनायला लागलं की तेच ऊन जादा भाग मोडून निकामी पदार्थांत बदलतं. उन्हानं डीची विषबाधा झाली असं घडत नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते मी माझ्याच घरात ऐकलं आहे, आणि ते हलकं नाही. माझा भाचा औषधांच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, "मावशी, तू अशी भीती घातलीस तर ज्या बायकांना खरंच गरज आहे त्याही पुडी घेणार नाहीत." त्याचं खरं आहे. दिवसभर घरात बसून विड्या वळणाऱ्या, कारखान्यात पाळ्या करणाऱ्या, डोक्यापासून पायापर्यंत झाकून वावरणाऱ्या बायकांच्या अंगाला ऊन लागत नाही. हाडं ठिसूळ होऊन उठता-बसता रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना आठवड्याला एक पुडी, आठ आठवडे, हा स्वस्त आणि गुणकारी उपचार आहे. मी पुडीच्या विरोधात नाही. आत्तीलासुद्धा पुडीची गरज होतीच.

माझा विरोध आहे तो कमतरता असो-नसो, मोठ्या डोसांची सवय लागण्याला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०२० साली प्रौढांसाठी ठरवलेली रोजची गरज ६०० युनिट आहे. म्हणजे एक पुडी शंभर दिवसांच्या गरजेएवढी. याच्याही पुढे ६ लाख युनिटांचं इंजेक्शन आहे, हजार दिवसांची गरज एका सुईत. 'एकदा टोचून घ्या, वर्षाची काळजी मिटली' असं ते सांगितलं जातं. वर्षातून एकदा मोठा डोस देण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आहे. सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवर केलेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. दरवर्षी ५ लाख युनिट डी-३ तोंडावाटे घेतलेल्या गटात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. यात विषबाधेची ठरावीक लक्षणं नव्हती. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२४ मध्ये निरोगी माणसांची सरसकट डी तपासणी करू नये असं सांगितलं, आणि पन्नाशीपुढे ज्यांना डी द्यायचंच आहे त्यांना अधूनमधून मोठा डोस देण्याऐवजी रोज थोडं द्यावं असं सुचवलं. आमच्याकडे मात्र तपासणी शिबिरांच्या पॅकेजमध्ये डी हमखास असतं, ठळक अक्षरात 'कमी' छापून येतं, आणि तिथूनच पुड्यांची रांग सुरू होते.

सगळ्यांची शरीरं सारखी नसतात, हेही या सवयीत विसरलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत आणि इतर खाण्यात भरपूर डी घातलं जात होतं. लाखो बाळं ठणठणीत राहिली, काहींचं मात्र कॅल्शियम धोकादायक चढलं, आणि १९५७ मध्ये डीचं प्रमाण कमी करावं लागलं. डी मोडून टाकणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात काही मुलांमध्ये जन्मतःच दोष असतो, हे २०११ मध्ये समजलं. क्षयाच्या काही रुग्णांत मूत्रपिंडाला न विचारता गाठींमध्येच कॅल्सिट्रायॉल बनतं, कालव्याला कुणी मध्येच भगदाड पाडावं तसं. अशांना दुसऱ्याच्या पाकिटावरची पुडी भारी पडू शकते. शेजारणीला गुण आला म्हणून तिचंच पाकीट दाखवून आणायची आपल्याकडची रीत या औषधापुरती तरी मोडली पाहिजे.

आणि आता आमच्या सीमेचं दुखणं. इथला मराठी माणूस गुडघ्यासाठी बेळगावला जातो, मग पाहुणे सांगतात म्हणून मिरजेला, मग लेक कोल्हापुरात दिली आहे म्हणून तिथं. तीन ठिकाणच्या तीन फायली. एकीवर कन्नड शिक्का, दुसरीवर मराठी, औषधांची नावं तिन्हींवर इंग्रजीत. एक डॉक्टर 'डी' देतात, दुसरे 'कॅल्शियम' देतात, आणि त्या कॅल्शियमच्या कॅप्सूलमध्ये कॅल्सिट्रायॉल आहे हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. तिसऱ्यांना पहिल्या दोघांचा पत्ता नसतो. कुणी एकानं मोठी चूक केलेली नसते, तरी माणूस दवाखान्यात जातो.

आम्ही भाषेसाठी इथं खूप लढलो. पाट्यांसाठी, सातबाराच्या उताऱ्यांसाठी, शाळांसाठी. महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि माझी त्या लढ्यावरची श्रद्धा कमी झालेली नाही. पण औषधाच्या पुडीवर काय लिहायचं याला त्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. कन्नड बोलणारी म्हातारी पलीकडे गडहिंग्लजला गेली, तर 'वाराला एक' ऐकून ती नेमकी उलटी चूक करेल. रोजची गोळी आठवड्यानं घेईल. हे दुखणं दोन्हीकडचं आहे, म्हणून दोन्हीकडच्यांनी मिळून मागणी करण्याजोगं आहे.

औषधाच्या पाकिटावर काय छापायचं ते दिल्लीचा कायदा ठरवतो. तिथं मागायचं ते एवढंच: डीचं रूप कोणतं ते मोठ्या अक्षरात छापा, आणि 'आठवड्यातून एकदाच' हे राज्याच्या भाषेत आणि सीमेलगत शेजारच्या भाषेतही छापा. कॅल्सिट्रायॉल असलेल्या कॅल्शियमवर 'यात डीचं तीव्र रूप आहे, डीची पुडी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा' असं ठळक असावं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानं आशाताईंना याचं एक पान मराठी आणि कन्नडमध्ये द्यावं. त्या घरोघरी जातातच, आणि गोळ्यांचा डबा उघडून बघायचा त्यांचा अधिकार घराघरानं मान्य केलेला आहे.

मेडिकलवाल्यांना कशाचीही वाट पाहायला नको. आत्ती घरी आल्यावर मी तिच्या नातवाला घेऊन त्याच दुकानात गेले. भांडायचं ठरवून गेले होते, पण दुकानदार ऐकून इतका खिन्न झाला की माझा राग तिथंच विरला. आम्ही दोघं विचार करत बसलो, 'वार' शब्द टाळून सांगायचं कसं? मग त्याच्याच लक्षात आलं की सोमवार कन्नडमध्येही सोमवारच असतो. आता त्याच्या दुकानातून पुडी बाहेर पडते तेव्हा तिच्यावर निळ्या मार्करनं दोन्ही लिप्यांत एकच शब्द लिहिलेला असतो, आणि पुढे आकडा: चार पुड्या, चार सोमवार.

आत्ती आता बरी आहे. मूत्रपिंडांचा आकडा पहिल्यासारखा झालेला नाही, दर तीन महिन्यांनी तपासावा लागतो. सकाळी ऊन वर आलं की ती ओट्यावर पाय पसरून बसते.